कृष्णकमळाचे बी उशिरा उगवते

पंधरा दिवसांत अंकुर दिसला नाही म्हणून कुंडी रिकामी करावी का, असे आपण विचारले आहे; कृपया तसे करू नये. कृष्णकमळाच्या बियांचे कवच फार कठीण असल्यामुळे ताज्या बियांनाही अनेकदा 2 ते 4 आठवडे लागतात, आणि वाळवून ठेवलेल्या जुन्या बियांना तर कित्येकदा काही महिने. पुढच्या वेळी बियांवरचा गर चोळून धुवावा, कवच पॉलिश पेपरवर हलके घासावे आणि बी 24 तास कोमट पाण्यात भिजवून पेरावे. आपल्या विदर्भातील काळी माती पाणी धरून ठेवते व त्यात बी कुजते, म्हणून तिच्यात निम्मी वाळू मिसळणे मला अत्यावश्यक वाटते. मे महिन्याच्या उन्हात कोवळे रोप करपते. मृगाच्या सरी पडल्यावरच पेरावे.