मदत हवी आहे : रायफलीच्या लाकडी दस्त्याचे स्क्रू सैल होत आहेत

वडिलांकडून माझ्याकडे आलेल्या शिकारी रायफलीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा असून, नळी आणि दस्ता जोडणाऱ्या दोन स्क्रूंपैकी पुढचा स्क्रू कितीही आवळला तरी दहा-बारा गोळ्या झाडल्यावर पुन्हा सैल होतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून आणि बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा सरकता दांडा) काढून मी दस्ता वेगळा केला, तेव्हा स्क्रूचे आटे शाबूत दिसले. मात्र त्याच्या डोक्याखालचे लाकूड तेलाने काळे पडून दबले आहे आणि नखाने टोचल्यास तेथे खूण उमटते. त्यामुळे दोष स्क्रूचा नसून लाकडाचा असावा, असे माझे मत झाले आहे. अशा वेळी आट्यांना चिकटद्रव्य लावणे म्हणजे वरवरची मलमपट्टी ठरेल.

छिद्र थोडे मोठे करून त्यात धातूची नळकांडी इपॉक्सीने (दोन घटक मिसळून वापरायच्या घट्ट गोंदाने) बसवावी, म्हणजे स्क्रूचा ताण लाकडावर न येता धातूवर येईल, असा माझा विचार आहे. परंतु तेल मुरलेल्या लाकडाला इपॉक्सी नीट धरत नाही; ते तेल ॲसिटोनने कितपत निघते आणि त्याने दस्त्याच्या पॉलिशला धक्का लागतो का?

पट्ट्याच्या कडीचा स्क्रूही नुसताच फिरतो आहे. तेथे कठीण लाकडाची खुंटी ठोकायची झाल्यास तिचे तंतू स्क्रूला आडवे ठेवावेत की समांतर? ज्यांनी हे काम स्वतः केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.