मदत हवी आहे: बडोद्याचा इतिहास मुलांच्या हातात कसा द्यावा?

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत इथल्या पाचवी ते सातवीच्या मराठी मुलांसाठी उपक्रम करायचा आहे. मुलं गुजराती-इंग्रजी माध्यमातली, मराठी फक्त घरात. कमाटीबागेतलं म्युझियम सगळ्यांनी पाहिलंय, पण लक्षात राहिलाय तो देवमाशाचा सांगाडा! (आहेच तो भव्य.)

मला त्यांना गायकवाडी बडोदं हाताळून कळायला हवंय. तिसऱ्या सयाजीरावांच्या तांब्याच्या पैशावर नागरी अक्षरं आणि तलवार आहे. त्याच्या प्रतिकृतीवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उमटवायचा, मग अक्षरं लावत बसायचं. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं पाहून आल्यावर गेरू-चुन्याने स्वतः रंगवायचं. १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, मग पुढे पणजी शाळेत गेली होती का, हे घरी विचारून यायचं.

अडतंय ते असं: नाण्यांच्या टिकाऊ, स्वस्त प्रतिकृती कोण करून देतं? वाडा पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिथे मुलांना बसून चित्रं काढू देतात का? बडोद्यात मोडी शिकवणारं कुणी आहे का? आणि एका गटात किती मुलं झेपतात, हे अनुभवी शिक्षकांनी कृपया सांगा.