फायर अँड ब्लड आत्ता वाचावं की विंड्स येईपर्यंत बाजूला ठेवावं?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. गेम ऑफ थ्रोन्स ही टीव्ही मालिका आधी बघितलेली म्हणून ती ज्यांवरून केली त्या जॉर्ज मार्टिनच्या पुस्तकांना बराच उशिरा हात लावला, पण एकदा लावल्यावर मात्र थांबता आलं नाही, पाचही पुस्तकं सलग वाचून काढली. आता अवस्था अशी आहे की डान्स विथ ड्रॅगन्स संपलं तिथे जॉन स्नो भोसकला जाऊन बर्फात पडलाय, स्टॅनिस विंटरफेलच्या वाटेवर हिमवादळात अडकलाय, डॅनी माळरानात दोथ्राकींच्या पुढ्यात उभी आहे आणि पुढचं पुस्तक, विंड्स ऑफ विंटर, आलेलंच नाही. डान्स आलं २०११ साली! तुम्ही लोकं तेव्हापासून वाट बघताय म्हणजे कमाल आहे.

तर मित्राने म्हटलं तोवर फायर अँड ब्लड वाच, म्हणजे त्याच जगातल्या टार्गेरियन राजघराण्याचा रचलेला इतिहास, आणि आणूनही दिलं. मेगॉर राजापर्यंत आलोय आणि अडकलोय. संवाद जवळजवळ नाहीत, कुणाच्या डोक्यात शिरता येत नाही, राजा आला, लढला, मेला, पुढचा राजा. टिरियनसारखं एकही माणूस नाही ज्याचं बोट धरून पुढे जावं. त्यात खरं सांगायचं तर रागही येतो, सातशेच्या वर पानं आहेत ही, एवढ्यात विंड्स ऑफ विंटरचं निम्मं काम झालं असतं ना?

तर विचारायचं हे की पुढे पकड घेतं का, आणि मूळ गोष्टीत यानं काही भर पडते का की नुसती वंशावळ आहे. स्पॉयलर चालतील, ह्याच पुस्तकावरची हाउस ऑफ द ड्रॅगन मालिका बघितलीय.

जुनी_वही

राग येणं अगदी साहजिक आहे आणि कुणी त्याबद्दल लाजायचंही कारण नाही. पहिली तीन पुस्तकं १९९६, ९८ आणि २००० ला आली, दर दोन वर्षांनी एक. मग गोष्ट पाच वर्षं पुढे न्यायची असा बेत होता तो लेखकाने सोडला, पुस्तक फुगत गेलं, शेवटी पात्रं वाटून त्याची दोन केली. फीस्ट फॉर क्रोज (२००५) च्या शेवटी मार्टिनची टीप आहे बघा, की जॉन, डॅनी, टिरियन हे सगळे पुढच्या पुस्तकात आणि ते वर्षभरात येईल अशी आशा आहे. त्याला लागली सहा वर्षं. मी ती टीप तेव्हा वाचून विश्वास ठेवलेला माणूस आहे.

मग एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी ब्लॉगवर लिहिलं की यंदा विंड्स येणार नाही, नोव्हेंबरमध्ये फायर अँड ब्लड येतंय. ते वाचून जे वाटलं ते अजून गेलेलं नाही. आणि मला जास्त लागलेली गोष्ट वेगळीच आहे, हे पुस्तकसुद्धा अर्धं आहे हो. पहिला खंड आहे हा. एगॉनच्या विजयापासून साधारण दीडशे वर्षं होतात आणि तिसरा एगॉन सज्ञान होऊन कारभाऱ्यांना घरी पाठवतो तिथे थांबतं. दुसऱ्या खंडाचा अजून पत्ता नाही. म्हणजे एक अपुरी गोष्ट सोसवत नाही म्हणून दुसरी वाचायला घ्यावी तर तीही अपुरीच.

एक मात्र न्यायाला धरून सांगतो. यातला बराच मजकूर विंड्स बाजूला ठेवून नव्याने बसून लिहिलेला नाही. २०१४ ला वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर आलं, त्याच्यासाठी छोट्या चौकटी लिहायच्या होत्या त्या ऐवजी ह्यांनी काही लाख शब्द लिहून ठेवले. त्या पुस्तकात मावेनात म्हणून राहिले. त्याआधी आणि नंतर त्यातलेच तुकडे तीन वेगवेगळ्या कथासंग्रहांत आले. तेव्हा 'यामुळेच विंड्स रखडलं' हे गणित पूर्णपणे बरोबर नाही. पण वाचकाच्या मनाला असलं गणित समजावून उपयोग नसतो.

सह्याद्रीवारा

रात्रपाळी, तुम्ही हे पुस्तक कादंबरी म्हणून वाचताय, तिथेच अडतंय. बखर म्हणून वाचा. मनापासून सांगतो, मराठी वाचकाला हे पुस्तक इतरांपेक्षा जास्त भिडायला हवं. आपण सभासदाची बखर वाचतो, भाऊसाहेबांची बखर वाचतो तेव्हा काय करतो? लिहिणारा कुणाच्या पदरी होता, घटनेनंतर किती वर्षांनी लिहितोय, कुणाला सांभाळून घेतोय, हे बघत बघतच वाचतो की नाही. अगदी तेच इथे करायचंय.

सांगणारा आहे आर्चमेस्टर गिल्डेन, म्हणजे सगळं घडून कित्येक वर्षं उलटल्यावर कागदपत्रं चाळणारा पंडित. ड्रॅगन्सच्या यादवीबद्दल, म्हणजे गादीसाठी घराण्यातल्याच हिरव्या आणि काळ्या अशा दोन गटांत झालेल्या युद्धाबद्दल, त्याच्यापुढे मुख्य साक्षीदार तीन. सेप्टन युस्टेस हा धार्मिक माणूस, हिरव्या बाजूकडे झुकलेला. ग्रँड मेस्टर मंकन, त्याने ज्याच्या जबानीवरून लिहिलं तो ऑरवाइल स्वतः कैदेत बसून लिहीत होता, म्हणजे मान वाचवायची घाई. आणि तिसरा मशरूम, दरबारातला बुटका विदूषक, जो सगळ्यात चावट आणि भडक तेच सांगतो, पण त्याच्यासमोर लोकं मोकळेपणाने बोलायची कारण त्याला कुणी अक्कलवाला समजतच नव्हतं, त्यामुळे मध्येच असं वाटतं की हाच खरं बोलतोय. एकाच रात्रीची तीन वर्णनं शेजारी शेजारी ठेवलेली असतात आणि गिल्डेन म्हणतो बघा बुवा तुम्हीच. मालिकेला यातलं एकच निवडावं लागतं, पडद्यावर दाखवायचं म्हणजे एक काहीतरी ठरवावंच लागतं. वाचताना तिन्ही एकदम डोक्यात राहतात आणि माझ्या मते ह्या पुस्तकाचा खरा आनंद तोच आहे.

मेगॉरपाशी सोडू नका फक्त. त्याच्यापुढे जेहेरिस आणि अ‍ॅलिसेनचा भाग सुरू होतो आणि पुस्तकाचा श्वासच बदलतो.

कोरा_कागद

सह्याद्रीवारांना +१, आणि 'बोट धरायला कुणी नाही' ह्यावर मला थोडं भांडायचंय.

डेलाचं वाचलं नाही ना अजून तुम्ही? जेहेरिस-अ‍ॅलिसेनला तेरा मुलं झाली, त्यातली ही एक. लाजाळू, प्रत्येक गोष्टीला घाबरणारी, अभ्यासात मागे. मांजरीला घाबरायची. गोड पोर आहे हो अगदी. आता राजाच्या घरची म्हणजे लग्न तर व्हायलाच हवं, बापाला घाई, एकेक स्थळं आणून उभी करतात तिच्यापुढे आणि ती शेवटी निवडते रॉड्रिक अ‍ॅरिनला, वयाने कितीतरी मोठा बिजवर, का तर तो शांत आहे, मायाळू आहे. आणि मग ती पहिल्याच बाळंतपणात जाते. पानं किती दिलीत ह्याला, मोजकीच. संवाद नसल्यातच जमा. मी ते वाचून पुस्तक मिटून बसले होते.

आणि आता जोडा हे, त्या बाळंतपणात जी मुलगी जगली ती एमा अ‍ॅरिन. म्हणजे हाउस ऑफ द ड्रॅगनच्या पहिल्याच भागात बाळंतपणात जिचा जीव जातो ती राणी. मालिका बघताना आपल्याला एक बाई मरताना दिसते. पुस्तकात तिची आईही तशीच गेलेली असते आणि मधल्या काळात त्या घरात कुणी काहीसुद्धा शिकलेलं नसतं. गिल्डेन हे कुठे ठासून सांगत नाही, त्याला ते बहुतेक दिसलेलंही नाही, पुरुष पंडित आहे तो, वारस कुठला आणि हक्क कुणाचा हेच त्याचं चाललेलं असतं. ते आपण वाचताना जुळवायचं. हे मला मूळ पाच पुस्तकांइतकंच मोठं लिखाण वाटतं, आणि म्हणूनच 'मधल्या वेळात काढलेलं पुस्तक' असं कुणी म्हटलं की जीव तुटतो.

बोरिवली_स्लो

मी ऐकलंय, वाचलं नाही. सायमन व्हान्सचा आवाज आहे. इतिहास सांगणारा म्हातारा डोळ्यापुढे उभा राहतो, लोकलमध्ये येता जाता पूर्ण झालं. कंटाळा नाही आला पण नावांनी जीव घेतला, रेना, रेनिस, रेनीरा आणि दर दुसरा एगॉन. छापील प्रत असेल तर शेवटी वंशवृक्ष दिलाय तिथे खूण घालून ठेवा. डग व्हीटलीची कृष्णधवल चित्रं आहेत ती ऑडिओत हुकली याचं मात्र वाईट वाटलं.

पडवीतला_झोपाळा

जरा वेगळ्या बाजूने येतो. मी व्हील ऑफ टाइमवाला, रॉबर्ट जॉर्डनच्या लांबलचक मालिकेचा वाचक. हा सगळा संताप आम्ही आधी भोगून झालेला आहे. २००३ च्या जानेवारीत दहावं पुस्तक आलं, अतिशय संथ, नवव्याच्या शेवटी जे प्रचंड काहीतरी घडलं त्याकडे लांबून बघणारी माणसंच पुस्तकभर. लोकं चिडलेली, अकराव्याकडे डोळे लावून बसलेली, आणि २००४ ला रॉबर्ट जॉर्डनने काय दिलं तर न्यू स्प्रिंग, वीस वर्षं आधीची गोष्ट, तीसुद्धा १९९८ च्या लेजंड्स संग्रहातली दीर्घकथा वाढवून. (गंमत म्हणजे मार्टिनची ह्याच जगातली डंक अँड एगची पहिली कथा त्याच संग्रहात आली होती.) तेव्हा हेच सगळं बोललं गेलं, आम्ही मागितलं काय आणि हा देतोय काय.

अकरावं २००५ ला आलं, चांगलं आलं. मग आजारपण कळलं आणि सप्टेंबर २००७ मध्ये जॉर्डन गेले. अशा आणखी दोन पूर्वकथा लिहायच्या होत्या त्यांना, त्या राहिल्याच. शेवटची तीन पुस्तकं ब्रँडन सँडरसनने त्यांच्या टिपणांवरून पुरी केली, २०१३ ला मालिका संपली.

आता मी न्यू स्प्रिंग उघडतो तेव्हा काय वाटतं सांगू? मालिकेतली जादू जाणणारी मोरेन तळ्याकाठी लॅन ह्या योद्ध्याची तलवार पळवायला जाते, ती कोण आहे हे त्याला माहीत नाही, तो सरळ उचलून तिला पाण्यात फेकतो. त्या दोघांचं पुढे आयुष्यभराचं नातं आणि सुरुवात ही अशी, थंडगार पाण्यात. हा प्रसंग दुसऱ्या कुणाला इतका नेमका लिहिता आला नसता. जॉर्डनच्या हातचं जेवढं आहे तेवढंच आहे, त्यात एक ओळ वाढायची नाही. मला तेव्हाची ती चिडचिड पटते, पण ते पुस्तक नसतं तर बरं झालं असतं असं आज एकही जुना वाचक म्हणणार नाही. मार्टिन १९४८ चे. मी त्यांच्याकडून जे येईल ते आलं त्या दिवशी वाचणार.

जुनी_वही

झोपाळेकाका, हे वाचून खरंच आत काहीतरी हललं. तरी एक फरक मांडतोच. जॉर्डननी न्यू स्प्रिंगनंतर वर्ष-दोन वर्षांत मूळ मालिकेतलं पुढचं पुस्तक दिलं होतं. इथे २०१८ नंतर मूळ मालिकेत काहीच नाही. म्हणून माझा राग पुस्तकावर नाही, पुस्तक उत्तम आहे हे मी कबूल करतो, दोनदा वाचलंय. राग न आलेल्या पुस्तकावर आहे आणि तो तसाच राहणार.

रात्रपाळी, तुम्हाला कादंबरीचाच घास हवा असेल तर आधी नाइट ऑफ द सेव्हन किंग्डम्स घ्या. डंक आणि एगच्या तीन दीर्घकथा, १९९८, २००३ आणि २०१० च्या, २०१५ ला एकत्र निघाल्या. मूळ गोष्टीच्या साधारण नव्वद वर्षं आधीचं. सगळं डंकच्या नजरेतून, संवाद भरपूर, बोट धरायला ह्याच्याइतका भला माणूस त्या जगात दुसरा नाही. प्रत्येक कथा आपापल्या जागी संपते हे सगळ्यात महत्त्वाचं.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल मेगॉर संपवला आणि जेहेरिस सुरू केलाय, सह्याद्रीवारा म्हणाले तसं खरंच वेगळं वाटायला लागलंय. कोराताई, डेला अजून आली नाही पण आता धास्ती घेऊन वाचतोय. डंक-एग मागवलंय.

दुसरा प्रश्न राहिलाच की. विंड्ससाठी उपयोगी पडेल असं ह्यात काही आहे का?

सह्याद्रीवारा

आहे, आणि नेमकं तुम्ही आत्ता जिथे आहात त्याच भागात. तीन जागा सांगतो.

एलिसा फारमन ड्रॅगनस्टोनवरून तीन अंडी चोरते, ब्रावोसच्या सीलॉर्डला विकते आणि त्या पैशात जहाज बांधते. तीन अंडी म्हटल्यावर लगेच सगळ्यांना डॅनीची तीन आठवतात. पहिल्या पुस्तकात तिला ती भेट देणारा व्यापारी इलिरियो मात्र म्हणतो की ती असाईपलीकडच्या शॅडो लँड्सची. आता इलिरियोच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्ही पाच पुस्तकं वाचलीयत, तुम्हीच ठरवा.

मग एरिया. राजाची ही पुतणी बॅलेरियन ह्या ड्रॅगनवर बसून नाहीशी होते आणि वर्षाहून जास्त काळाने परत येते ती तापाने भाजत, अंगात काहीतरी वळवळतंय, बर्फाच्या पाण्यात घातलं तेव्हा जे बाहेर आलं ते राजाचा सल्लागार धर्मगुरू सेप्टन बार्थ ह्याने लिहून ठेवलंय, रात्री जेवणानंतर वाचू नका. बॅलेरियनच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या ड्रॅगनच्या अंगावरही भल्यामोठ्या जखमा. बार्थचा निष्कर्ष असा की पोरीला त्याला हाकता आलंच नाही, तोच तिला स्वतःच्या जन्मगावी घेऊन गेला, नष्ट झालेल्या व्हॅलिरियाला. त्यानंतर राजा तिकडे जायलाच बंदी घालतो. आता फीस्टमध्ये युरॉन ग्रेजॉय काय सांगत फिरतोय आठवा, मी व्हॅलिरियाला जाऊन आलोय. बार्थ वाचल्यावर ते वाक्य पूर्वीसारखं वाचता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अ‍ॅलिसेनचं उत्तरेहून आलेलं पत्र. ती कॅसल ब्लॅकवरून तिच्या सिल्व्हरविंग ह्या ड्रॅगनला उत्तर सीमेवरच्या बर्फाच्या प्रचंड भिंतीपलीकडे न्यायचा तीनदा प्रयत्न करते आणि तिन्ही वेळा तो ड्रॅगन मागे वळतो. कुठल्याही गोष्टीला नाही म्हणणारा नव्हता तो. तिला कारण कळत नाही, गिल्डेनही पुढे काही बोलत नाही, दोन-चार ओळी आणि विषय संपला. टीव्हीवर सातव्या सीझनमध्ये ड्रॅगन भिंत सहज ओलांडून गेले होते, तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. पुस्तकांत ते तसं होणार नाही असं मला ह्या ओळींवरून पक्कं वाटतं. तिथे पोचलात की इथेच लिहा, ड्रॅगनला पलीकडचं काही जाणवलं होतं की भिंतीतच काही आहे यावर मला तुमचं मत हवंय.