छकुलीले कॅमेरा कोणता घ्याचा? घरच्या ग्रुपवरची चर्चा

शुक्रवार, रात्री

छकुली: सगळ्यांना नमस्कार. ट्यूशनचे 17 हजार जमले आणि बाबांनी उन्हाळी धानाचे 8 हजार दिले, असे 25 झाले. दिवाळीनंतर मंडई आहे, म्हणजे आपल्या गावची जत्रा आणि रातभराचं नाटक, त्याच्या आत मला कॅमेरा घ्यायचा आहे. खिशात मावणारा छोटा कॉम्पॅक्ट घेऊ की लेन्स बदलता येणारा मोठा डीएसएलआर? दुकानात विचारलं तर जो माल समोर आहे तोच चांगला म्हणून सांगून राहिले. म्हणून इथं विचारते.

वडसा आत्या: कायले पायजे बाई वेगळा कॅमेरा? तुह्या मोबाइलमध्ये येते ना फोटो.

छकुली: आत्या, मागच्या मंडईच्या नाटकाचे हे तीन फोटो पाहा. दुसऱ्या अंकात सासू समोर येऊन बोलते तेव्हाचे आहेत. तिचा चेहरा सारा पांढरा झाला, डोळे कुठं आहेत तेही कळत नाही. साडीचे जरीकाठ म्हणजे नुसती पिवळी रेघ. आणि तिनं हात उचलला तिथं बोटंच नाहीत, फडकं हलल्यासारखं काहीतरी आलं. मी दुसऱ्या ओळीत बसले होते तरी असे आले.

वडसा आत्या: हो वं. हे तं खराबच आले.

साकोली मामा: छोटा कॅमेरा घे. फ्लॅश राह्यते त्यात. फ्लॅश मारला का रातचा बी साफ येते.

मोठा दादा: मामा, घरच्या बारशाले येते साफ. नाटकाले नाही येत. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढं पोचत नाही. पोरगी दहा मीटरवर बसली तर समोरच्या लोकांच्या टोप्या आणि डोके उजळतात, स्टेज होता तसाच काळा राहते. वरून काम करणाऱ्याच्या डोळ्यावर उजेड मारणं मले पटत नाही. तो माणूस भूमिकेत राह्यते, त्याले आपण काहून त्रास द्यायचा?

गोंदिया काका: छकुली, मी सांगतो ते ऐक. मोठ्या झूमचा कॅमेरा घे, लेन्स बदलायची झंझट नाही असा. माझ्याजवळ निकॉनचा पी 900 आहे. 83 पट झूम, 2000 मिमीपर्यंत जाते; मिमी जेवढे जास्त, दूरचं तेवढं जवळ दिसते. आपल्या मामा तलावावर (जुन्या मालगुजारी तलावावर) बसून बांधीतला, म्हणजे धानाच्या वाफ्यातला, सारस पक्षी मी काठाच्या पाळीवरून टिपतो. या पावसाळ्यात एका बांधीत जोडीनं घरटं केलं, दोन अंडी होती. एक पोट्टा मोबाइल घेऊन चिखलातून थेट घरट्यापाशी गेला. मादी उठली ते लवकर परतलीच नाही. माझा जीव तुटला. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडं, आणि त्यांच्या अंगावर जाऊन फोटो काढायचा? दूर बसून काढता येईल असंच यंत्र घ्यावं.

छकुली: काका, तुमचे सारसचे फोटो मी सगळे जपून ठेवले आहेत. मलाही तलाव हवाच आहे.

शनिवार, सकाळी

मोठा दादा: रात्री लग्नाचं काम होतं, आता बसून लिहितो. जरा लांब होईल.

आधी आतल्या सेन्सरचं सांगतो, कारण उजेड तोच पकडते. साध्या कॉम्पॅक्टचा आणि काकांच्या झूमवाल्याचा सेन्सर साधारण 6.2 बाय 4.6 मिमी राह्यते. करंगळीच्या नखातही मावते. कॅननच्या साध्या डीएसएलआरचा 22.3 बाय 14.9 मिमी. गुणाकार करून पाहा, जवळपास 12 पट जागा आहे. दिवसा उन्हात हा फरक पोस्टरएवढा फोटो छापला तरच दिसते. रात्री स्टेजच्या दोन फोकसलाइटमध्ये तो डोळ्यात भरते. छोट्या सेन्सरवर आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करायचा आकडा) वाढवला का काळ्या पडद्यावर रवा सांडल्यावानी दाणे येतात.

पण छकुली, डीएसएलआर घेतला म्हणजे रात्रीचे फोटो सुधरले असं नाही. इथंच बरेच जण फसतात, मीही पहिल्या वर्षी फसलो. कॅमेऱ्यासोबत जी 18-55 मिमीची लेन्स मिळते, ती 55 वर नेली का तोंड एफ 5.6 पर्यंतच उघडते; एफचा आकडा जेवढा लहान, तोंड तेवढं मोठं. तेवढ्यात नाटक होत नाही. 50 मिमी एफ 1.8 ची वेगळी लेन्स येते, हातभर नाही, मुठीएवढीच. ती 5.6 च्या मानानं जवळपास 10 पट उजेड आत घेते. सेन्सर मोठा आणि लेन्सचं तोंड मोठं, दोन्ही एकत्र आले तेव्हा सासूच्या हाताची बोटं दिसतील. म्हणून 25 हजारांतले सगळे पैसे बॉडीत घालू नको. जुनी बॉडी घे, पैसे लेन्सवर ठेव.

साकोली मामा: पण आता डीएसएलआर बंद होऊन राह्यले म्हणते. मिररलेस आले ना?

मोठा दादा: बरोबर आहे मामा. कॅनन आणि निकॉननं 2020 नंतर नवीन डीएसएलआर काढला नाही, त्यांचं सारं लक्ष मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या पण लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यावर आहे. पण मिररलेसची बॉडी आणि त्याची लेन्स 25 हजारांत सहसा बसत नाही. आणि लोक मिररलेसकडं चालले म्हणूनच जुने डीएसएलआर स्वस्तात निघून राहिले. लेन्स बाजारात ढिगानं आहेत. 1 इंची सेन्सरचे चांगले कॉम्पॅक्टही येतात, पण तेही आपल्या बजेटच्या बाहेर.

बाबा: एक विचारतो. नाटक वर्षातून चारदा. तलाव रोजचा. मग काकाचं म्हणणं बरोबर नाही का?

गोंदिया काका: मीही तेच म्हणतो.

मोठा दादा: काका, पाखरांसाठी तुमचाच कॅमेरा बरोबर. 18-55 नं सारस काढला तर धानात एक करडा ठिपका येईल, कोणालाच कळणार नाही का आहे. चांगली 55-250 ची लेन्स लावली तरी तुमच्या झूमची बरोबरी होत नाही. फक्त सांजेले सूर्य बुडल्यावर तुमचे फोटो दाणेदार येतात, ते तुम्हीच मागं बोलले होते.

गोंदिया काका: हो, ते आहे. साडेसहा नंतर मी बॅगेत ठेवून देतो.

मोठा दादा: मग दोन्ही कामं एका कॅमेऱ्यानं 25 हजारांत होत नाही. छकुलीनं ठरवावं, पहिलं काम कोणतं.

छकुली: बाबा, मी रात्रभर विचार केला. तलाव रोज आहे, सारस पुढच्या पावसाळ्यातही काकांसोबत जाऊन पाहीन, तेव्हा काकांचा कॅमेरा हातात घेईन. नाटकाची कंपनी एका रात्री येते, पहाटे पडदे गुंडाळून टेंपोत टाकते आणि दुसऱ्या गावी जाते. आपल्या झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकाचे कलाकार परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा शाळेत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण आपल्या गावात चाळीस वर्षं नाटकं झाली आणि घरोघरी शोधलं तर स्टेजवरचे धड फोटो चार-पाच निघाले. तेही ग्रुप फोटो, पडदा पडल्यावर ओळीनं उभे राहून काढलेले. काम करताना कोणी दिसतच नाही. मला ते काढायचे आहेत.

वडसा आत्या: बरोबर बोलली पोट्टी. इथं वडशाले कंपन्यांचे हापिस हायेत, पोस्टरवर सारे स्टुडिओतले चेहरे लावतात. एका कंपनीच्या मॅनेजरची बायको माह्या ओळखीची हाय. मी बोलतो.

बाबा: मग ठरलं. दादाच्या मनानं घ्या.

आई: घ्या, पण रातभर जागाची असली तर माह्यासंगं जायचं. एकटी नाही.

मोठा दादा: मग ऐक. कॅननचा 1300डी पाहतो. 2016 चा आहे, 18 मेगापिक्सेल, आतच वायफाय आहे म्हणून फोटो लगेच मोबाइलवर येतो. निकॉनही चांगला, पण एक अडचण आहे. निकॉनच्या 3000 आणि 5000 मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी स्वस्त 50 मिमी ‘डी’ लेन्स त्यावर लावली तर फोकस हातानं फिरवावा लागते, आणि अंधारात धावत्या माणसावर ते जमत नाही. त्यात मोटरवाली ‘एएफ-एस’ लेन्स घ्यावी लागते, ती महाग पडते. कॅननच्या 50 मिमी एसटीएम लेन्समध्ये मोटर आतच असते, ती 1300डी वर सरळ चालते.

उद्या सुटी आहे. मी नागपुरात दोन ठिकाणी पाहून येतो. तोवर कोणालाही बयाना देऊ नको.

रविवार, दुपारी

मोठा दादा: पहिल्या दुकानातून निघालो. बॉडी चकाचक, पण लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मागून मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. बुरशी आहे. दुकानदार म्हणे पुसून देतो. आतल्या काचेवरची बुरशी वरून पुसली जात नाही, आणि लेन्स उघडून साफ केली तरी काचेवरच्या लेपाला डाग राहू शकतो. धानाच्या पट्ट्यातले पावसाळे असे दमट का घरी ती वाढतच जाईल. सोडून दिलं.

साकोली मामा: बरं केलं. नाई तं आपण चमक पाहूनच घेतलं असतं.

मोठा दादा: दुसरीकडं 1300डी मिळाला. शटर किती वेळा पडलं ते लॅपटॉपला जोडून पाहिलं, 14 हजार. अशा साध्या बॉडीचं शटर साधारण 1 लाखाच्या हिशोबानं धरतात, म्हणजे बराच जीव बाकी आहे. एफ 16 वर ठेवून कोऱ्या आभाळाचा फोटो काढला, एका कोपऱ्यात धुळीचा एक ठिपका निघाला, तो फुंकणीनं गेला. 50 मिमीची लेन्स टॉर्चखाली साफ. बॉडीसोबतची 18-55 पण साफ.

हिशोब लिहितो. बॉडी आणि 18-55 मिळून 15,000. जुनी 50 मिमी 6,500. 32 जीबीचं कार्ड 600. एक जास्तीची बॅटरी 900. हवाबंद डबा आणि सिलिका जेल 300. एकूण 23,300. उरले 1,700, त्यात बॅग घे. घेऊ का?

बाबा: घे.

छकुली: घे दादा 🙏

आई: पावती पक्की घेजो रे. आणि काही झालं तर परत घेईल का ते लिहून घे.

मोठा दादा: हो काकू, पावतीवर नंबर टाकून घेतला, 15 दिवस परत घ्यायचं लिहून दिलं.

बुधवार, रात्री

छकुली: कॅमेरा आल्यापासून रोज हनुमानाच्या मंदिरात भजनाला नेते. तिथं एकच बल्ब आहे. पहिल्या दिवशी सगळ्यांचे चेहरे पुन्हा पांढरे आले दादा! मला वाटलं लेन्स खराब निघाली.

मोठा दादा: लेन्स नाही. मागं अंधार जास्त असला का कॅमेऱ्याले वाटते सारंच काळं आहे, म्हणून तो उजेड वाढवते आणि चेहरा जळते. मोबाइलमध्येही तुझं तेच झालं होतं. ते प्लस-मायनसचं बटन आहे ना, ते उणे 1 वर ने. स्टेजवर तर उणे दीडही लागेल. सारं हातानं, ‘एम’ वर ठेवशील तर ते बटन लागत नाही; तेव्हा आयएसओ 1600, एफ 2, शटर 1/200 (सेकंदाचा दोनशेवा भाग) पासून सुरू कर. हात हलताना पुसट आला तर आयएसओ 3200 कर. थोडे दाणे चालतील, बोटं गेली तर फोटो गेला. आणि स्टेजवर एलईडीचे दिवे असले तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात, तेव्हा शटर 1/100 वर आण आणि माणूस थांबला त्या क्षणी दाब.

छकुली: हे पाहा, आज उणे 1 वर काढला. (फोटो)

गोंदिया काका: वा! हा तर मृदंगवाले बुवा. बोटावर मृदंगाची शाई लागलेली दिसून राहिली. कपाळावरचा घाम पण.

साकोली मामा: डोळे मिटलेले हायेत तरी कळते का गाऊन राह्यले.

आई: हाच फोटो बुवाच्या घरी फ्रेम करून देऊ.

मोठा दादा: मस्त. आता दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेव. मंडईत दिवसा धूळ उडते, तिथं लेन्स बदलायची नाही. घरून 18-55 लावून ने, रात्री आईच्या ओच्यात किंवा बॅगेत तोंड खाली धरून 50 लाव. आणि बॅटरी दोन्ही भरून ठेव. कंपनी एका बॅटरीत 500 फोटो म्हणते, पण तू रातभर स्क्रीनवर पाहत बसली तर तेवढे निघत नाहीत. पहाटेच्या अंकात बॅटरी पाहिजे, शेवटचा प्रवेश तिथंच राह्यते.

गोंदिया काका: उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत ठेवू नको बेटा. आपल्याकडं 45-46 पर्यंत जाते, डिक्कीत त्याहून जास्त. रबर निघून येते.

छकुली: हो काका. आणि पुढच्या पावसाळ्यात तुमच्यासोबत पाळीवर बसायला येते, चिखलात उतरणार नाही.

वडसा आत्या: छकुली, मॅनेजरच्या बायकोशी बोलली मी. ते म्हणे फ्लॅश मारणार नसली तर पोरगीले समोर बसू देतो. फोटो चांगले आले तर पुढच्या सालच्या पोस्टरले घेतो म्हणे. तू पेटीवाल्याच्या बाजूनं बसजो. हिरोईनीची एंट्री त्याच बाजूनं राह्यते, आणि फोकसवाला बी तिथून समोर पडते.