मदत हवी आहे: सेलमधून घेतलेले ब्रँडेड बूट ऑनलाइन विकले तर गुन्हा होतो का?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा गरजेपोटी काढतेय, सांभाळून घ्या.

मी भोसरीला राहते. दिवाळीनंतर हायवेवरच्या एका फॅक्टरी आउटलेटमध्ये परदेशी ब्रँडच्या बुटांचा स्टॉक क्लिअरन्स लागला होता. छापील किंमत ४,९९९ आणि मिळत होते १,९०० ला. माझी भिशी नुकतीच लागली होती. यजमान म्हणाले, घेऊन टाकू, हातोहात जातील. ३४ जोड उचलले, म्हणजे ६४,६०० रुपये एका फटक्यात. पूर्वी मी कुर्त्या विकायचे तेव्हाचा जीएसटी नंबर आणि एका मोठ्या शॉपिंग साइटवरचं विक्रेता खातं होतंच. त्यावर २,९५० ला लावले. बारा दिवसांत ११ जोड गेले.

मग एक दिवस सगळ्या जोडांची विक्री बंद! मेल आला की ट्रेडमार्क मालकाची तक्रार आहे. ब्रँडचं अधिकृत विक्रेता असल्याचं पत्र किंवा खरेदीची बिलं सात दिवसांत द्या. शेवटच्या चार जोडांचे पैसेही अडकवून ठेवलेत. पत्र कुठून आणू? बिल आहे, पण ते यजमानांच्या मोबाइल नंबरवर केलेलं, माझा जीएसटी नंबर त्यावर नाही.

वर आमचे चुलत दीर सांगून गेले की हे डुप्लिकेट माल विकण्यासारखंच आहे, पोलीस येऊ शकतात. तेव्हापासून बेल वाजली तरी छातीत धस्स होतं. बूट अस्सल आहेत हो! पैसे मोजून घेतलेली वस्तू आपण विकू शकत नाही का?

लपवत नाही, म्हणून सांगते: फोटो कंपनीच्या साइटवरून घेतले होते. चार-पाच खोकी फाटली होती, ते बूट साध्या खोक्यात घालून पाठवले. आणि दुबईची नणंद म्हणतेय की पुढच्या फेरीत परफ्यूम आणि घड्याळं आणते, तीही विक. आणू देऊ का?

खडकीचा म्हातारा:
ताई, आधी पाणी प्या. वीसेक वर्षं ट्रेडमार्कच्या कामात काढली आहेत, तेवढ्या अधिकाराने सांगतो. अस्सल माल रीतसर विकत घेऊन पुन्हा विकणं हा गुन्हा नाही. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम ३०, पोटकलम ३ वाचा. मालकाने किंवा त्याच्या संमतीने बाजारात आलेला माल कुणी कायदेशीरपणे घेतला, तर पुढे त्याने तो विकल्याने ट्रेडमार्कचा भंग होत नाही. सोप्या भाषेत, पहिल्या विक्रीत कंपनीला तिचे पैसे मिळाले, तिथे त्या वस्तूच्या पुढच्या विक्रीवरची तिची पकड संपली. त्यात 'त्याच्यामार्फत हक्क सांगणारी व्यक्ती' असेही शब्द आहेत, म्हणजे बिल यजमानांचं आणि विक्री तुमची, यानेही कायद्यात काही अडत नाही.

डुप्लिकेटची गोष्ट पूर्ण वेगळी. त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. दीर दोन्ही एकाच पिशवीत भरताहेत.

पण लगेचच पोटकलम ४ आहे, तिथे जपा. बाजारात आल्यावर मालाची स्थिती बदलली किंवा बिघडली असेल तर मालक हरकत घेऊ शकतो. साधं खोकं म्हणजे लगेच भंग असं मी म्हणणार नाही, पण 'अगदी नवा, सीलबंद' असं लिहून साधं खोकं पाठवलंत तर भांडायला मुद्दा तुम्हीच दिलात. 'मूळ खोकं नाही' असं स्पष्ट लिहा. खोक्यावरचा बॅच क्रमांक किंवा छापील किंमत खरवडू नका. किंमत खोडणं हा वजनमापाच्या नियमांत वेगळा अपराध आहे.

भोसरीकरीण (धागाकर्ती):
काका, खूप हायसं वाटलं. पण मग साइटने बंद का केलं? कायदा माझ्या बाजूने आहे ना?

खडकीचा म्हातारा:
कायदा तुमच्या बाजूने, करार त्यांच्या बाजूने. खातं उघडताना जो लांबलचक शर्तनामा न वाचता आपण टिचकी मारतो, त्यात काय विकू द्यायचं हे ठरवायचा हक्क त्यांनी राखलेला असतो. मॉलवाला त्याच्या गाळ्यात तुम्हाला बसू देत नाही म्हणून तुमचा धंदा बेकायदा ठरत नाही, तसं हे.

तक्रारीचं मूळ मला फोटोंत वाटतंय. बूट तुमचे, फोटो कंपनीचे. त्यांवर कंपनीचा कॉपीराइट आहे आणि कलम ३० तिथे उपयोगी पडत नाही. ब्रँडचं नाव वर्णनात चालतं, कारण बूट कुठले हे सांगायला दुसरा शब्दच नाही. पण खात्याच्या नावात ते नको, लोगो नको, 'अधिकृत' हा शब्द तर मुळीच नको.

करवालीकाकू:
मी करसल्लागार आहे, म्हणून नको तिथे नाक खुपसते. बिलावर जीएसटी नंबर नसल्याने त्या ३४ जोडांवर भरलेल्या कराची वजावट तुम्हाला मिळणार नाही, आणि विक्रीवर कर मात्र भरावा लागेल. १,९०० आणि २,९५० मधला सगळा फरक नफा धरू नका. साइटचं कमिशन, कुरिअर, परत आलेले जोड आणि हा कर वजा केलात तर चहापाण्याइतकं उरेल. आउटलेटला बिल आणि नंबर घेऊन जा, दुरुस्ती करून देतात का विचारा. नाही म्हणाले तरी विचारायला काय जातं.

बाकी वाचणाऱ्यांसाठी: १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय साइटवर माल विकायची सवलत आहे, पण राज्यातल्या राज्यातच. एक पार्सल बेळगावला गेलं की सवलत गेली.

छोटीगाडी_मोठाखर्च:
धाग्यात घुसतोय, माफी. मुलाच्या नावाखाली मीच हॉट व्हील्सच्या खेळण्यातल्या गाड्या जमवतो. दुर्मीळ गाड्या लोक छापील किमतीच्या तिप्पट-चौपट भावाने विकतात. तेही 'माझी वस्तू, माझा भाव' म्हणूनच चालतं का?

खडकीचा म्हातारा:
नाही. अमेरिकेत हा युक्तिवाद चालेल, तिथे एमआरपी नावाचा प्रकारच नाही. आपल्याकडे २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते बंधन फक्त दुकानदारावर नाही, 'अन्य व्यक्ती'वरही आहे. पाकीट फोडून विकाल तर प्रश्न वेगळा, पण फोडलेली गाडी तुमच्यातला कुणी त्या भावाने घेणार नाही!

वाकडवाला:
ते दुबईचं राहिलं. माझ्या माहितीतल्या एकाने घड्याळं आणून विकली होती. सॅमसंगच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने बाहेरून आणलेला माल विकायला परवानगी दिली होती ना?

खडकीचा म्हातारा:
दिली होती. कपिल वाधवा विरुद्ध सॅमसंग, २०१२. फेब्रुवारीत एकल न्यायाधीशांनी बंदी घातली, ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने उठवली. बाहेरच्या देशात रीतसर विकलेला अस्सल माल इथे आणून विकणं म्हणजे ट्रेडमार्कचा भंग नव्हे, असं सांगितलं. अट घातली: माल आयात केलेला आहे, कंपनीची वॉरंटी नाही, दुरुस्तीची जबाबदारी विक्रेत्याची, हे दुकानात ठळक लिहा. ही अट ताईंच्या बुटांनाही लावून घ्यावी असं मी म्हणेन. कंपनी वॉरंटी देईलच असं गृहीत धरू नका, तसं वर्णनातच लिहा.

पण त्या खटल्यातल्या विक्रेत्याने, वाधवांनी, माल जकात भरून आणला होता. नणंदेच्या बॅगेतून येणारा माल वेगळा. प्रवाशाच्या बॅगेजला मिळणारी जकातीची सवलत स्वतःच्या वापराच्या वस्तूंसाठी आहे, विक्रीच्या मालासाठी नाही. सहा एकसारखी घड्याळं बघून कस्टमवाला 'भावोजींसाठी का?' असं कौतुकाने विचारणार नाही. शिवाय आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, छापील किंमत हे सगळं लागतं, आणि ऑनलाइन विक्रीत ते पानावरही दाखवावं लागतं. नणंदेला म्हणावं, खजूर आण.

करवालीकाकू:
+१ खजुराला.

भोसरीकरीण (धागाकर्ती):
थोडं उशिरा लिहितेय. काकांनी सांगितल्याप्रमाणे बिल, यजमानांच्या कार्डाचा व्यवहार, बुटांच्या जिभेवरच्या लेबलांचे आणि खोक्यांच्या स्टिकर्सचे मी स्वतः काढलेले फोटो, असं सगळं एकत्र पाठवलं. बिल आणि खातं वेगळ्या नावांवर का, हेही दोन ओळींत लिहिलं. कंपनीचे फोटो मीच काढून टाकले. आठ दिवसांनी अडकलेले पैसे सुटले. विक्री मात्र चालू केली नाही. त्या ब्रँडसाठी पत्र लागेलच म्हणाले. मी वाद घातला नाही.

उरलेल्या २३ जोडांपैकी १७ सोसायटीत आणि यजमानांच्या कंपनीत गेले, २,४०० ने, प्रत्येकाला माझं बिल देऊन. आउटलेटने बिल बदलून दिलं नाही. हिशेब काकूंना दाखवला, त्या हसल्या. चहापाणी सुटलं म्हणे.

दीर परवा येऊन गेले. त्यांनीच नऊ नंबरचा एक जोड नेला, पैसे अजून यायचेत.

आता अकरा नंबरचे पाच पडून आहेत. कुणाचा पाय मोठा असेल तर...

संपादक:
ताई, इथे खरेदी-विक्री चालत नाही. शेवटचं वाक्य कृपया काढावं. (माझा दहा नंबर आहे.)