रविवारचं लग्न आणि आभाळ

सोमवार, रात्री

बी २०४ (नवरीची आई): नमस्कार मंडळी. रविवारी संध्याकाळी आपल्या सोसायटीच्या मैदानात लेकीचं लग्न आहे, सगळ्यांना माहीतच आहे. आज मोबाइलवर रविवारच्या खाली ढगाचं चित्र आणि ६० टक्के असं दिसतंय. दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही. आता ऐनवेळी दुसरी जागा कुठून आणू? तुमच्यापैकी कोणाकडे पावसात लग्न झालं असेल तर सांगा, काय काय करून ठेवू?

सी ५०१: वहिनी, आधी ते ६० टक्के समजून घ्या म्हणजे निम्मी धास्ती जाईल. हवेची अशी लक्षणं दहा वेळा दिसली तर साधारण सहा वेळा त्या ठिकाणी पाऊस पडतो, एवढंच ते सांगतात. किती पडेल, किती वेळ पडेल, हे त्या आकड्यात नसतं. हलकीशी सर पडली तरी तो पाऊसच धरतात. शिवाय सहा दिवस आधीचा अंदाज ढोबळच. शुक्रवारपासून तासातासाचा अंदाज बघायला लागा. आणि रविवारी टक्के सोडून रडारचं चित्र उघडा. ढग आत्ता कुठे आहेत, कुठल्या बाजूला सरकताहेत हे त्यात दिसतं. पुढच्या तास-दोन तासांसाठी त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. ते मी बघत बसेन, तुम्ही बघू नका.

बी २०४: भाऊजी, तेवढं केलंत तरी खूप.

ए ७०१ काकू: माझ्या धाकटीच्या लग्नाचं सांगते, जरा लांबेल. उघड्या जागेतच होतं. मांडव सुरेख दिसत होता, पण वरचं कापड सपाट ताणलेलं. संध्याकाळी वीसेक मिनिटांची एकच सर आली. मी खुर्च्यांच्या कडेला उभी होते. वर बघते तर दुसऱ्या रांगेच्या डोक्यावर कापडाला हळूहळू पोट सुटत होतं. आधी थाळीएवढं, मग टोपलीएवढं, मग सतरंजीच्या गाठोड्याएवढं. कापड ओलं होऊन काळपट पडलेलं आणि त्याच्या मधोमध एक थेंब लोंबतोय, पडत नाही. सासूबाई नेमक्या त्याखाली बसलेल्या. त्यांना हाताला धरून उठवलं आणि दोन मिनिटं झाली नसतील, एका मुलाने उत्साहाने खालून बांबू टोचला. सगळं पाणी एकदम खाली. दोन खुर्च्यांचे पाय मोडले. माणूस असतं तर?

ए ७०१ काकू: पण मला त्या पाण्यापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागून राहिलीय. आत जायचं की थांबायचं हे कोणी ठरवायचं तेच ठरलं नव्हतं. पाहुणे मला विचारत होते, मी ह्यांना, हे मांडववाल्यांना. शेवटी सगळे पोरीच्या तोंडाकडे बघायला लागले. ती तयार होऊन बसलेली, डोळ्यांत पाणी, आणि तिने ठरवायचं? आजच दोन गोष्टी नक्की करा. किती वाजता ठरवायचं आणि कोणी ठरवायचं. त्या माणसाने एकदा सांगितलं की मग कोणी फाटे फोडायचे नाहीत.

बी २०४: काकू, मग तुम्हीच ठरवा. खरंच सांगते. माझ्याच्याने त्या दिवशी ते होणार नाही.

ए ७०१ काकू: बरं. मी ठरवीन. रविवारी दुपारी बाराला.

मंगळवार

डी १०३ काका: सकाळी मैदानात जाऊन आलो. काकूंनी सांगितलं त्यामागचा हिशेब देतो, मांडववाल्यांशी बोलताना उपयोगी पडेल. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजेच एक किलो. आपला मांडव १० बाय २० मीटरचा, २०० चौरस मीटर. एका चांगल्या सरीत १० मिलिमीटर पडला तर छतावर २,००० लिटर, दोन टन. ते वाहून गेलं तर काही नाही, साचलं तर कापड, दोर, खांब, काहीच त्यासाठी बांधलेलं नसतं. म्हणून छत मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरतं हवं. दोन छतं जिथे जुळतात तिथे पन्हळ हवी, नाहीतर पागोळ्या थेट पाहुण्यांच्या मानेवर. आणि समजा पोट सुटलंच, तर आधी खालची माणसं हलवायची. मग कडेकडून कापड सावकाश उचलून पाणी बाहेरच्या बाजूला काढायचं. बांबू टोचायचा नाही.

डी १०३ काका: वाऱ्याचंही विचारून ठेवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ओल्या मातीत खुंटे ढिले पडतात, म्हणून खांबांना वजन बांधायला लावा. २०० लिटरचं भरलेलं पिंप म्हणजे २०० किलो, सोपं आणि स्वस्त. किती वाऱ्यात मांडव रिकामा करायचा, हा प्रश्न मांडववाल्यांना सरळ विचारा. उत्तर देता आलं नाही तर मला फोन करा, मी बोलतो.

बी २०४: काका, मैदानात पाणी कुठे साचतं?

डी १०३ काका: घसरगुंडीजवळ. तो कोपरा सखल आहे. तिथे एकही खुर्ची नको. शनिवारी आम्ही दोघं-तिघं वीतभर चर खणून पाणी गेटाकडे काढून देतो.

बी ४०२ (वायरमन दादा): लाइटचं माझ्यावर सोडा. वायर जमिनीवरून न्यायची नाही, सगळी डोक्यावरून. जोड जमिनीवर तर अजिबात नको. सप्लाय ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतून घेणार, म्हणजे करंट गळाला की लगेच बंद पडेल. त्याचं टेस्टचं बटण रविवारी सकाळी मी स्वतः दाबून बघणार. जनरेटर मांडवापासून लांब, वेगळ्या छपराखाली, धूर माणसांकडे येणार नाही असा. पाऊस लागतोय म्हणून कोणी तो मांडवात किंवा पार्किंगमध्ये सरकवला तर मी चालू करणार नाही. त्या धुरात वास न येणारा विषारी वायू असतो.

सी ५०१: विजेचा कडकडाट झाला तर मांडवात थांबायचं नाही, हे आत्ताच सांगतो. खांब लोखंडी आहेत, तो आसरा नव्हे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तिसाच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत, सगळ्यांनी पक्क्या इमारतीत जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

बी २०४: इमारतीत म्हणजे कुठे पण? अडीचशे माणसं आहेत. क्लबहाऊसमध्ये सव्वाशेच्या वर कशी बसवू?

बुधवार

ए ७०१ काकू: रात्रभर विचार केला. बी आणि सी विंगखालचं पार्किंग. वर स्लॅब आहे, दोन बाजू मोकळ्या, लिफ्ट जवळ. गाड्या काढल्या तर सगळे मावतील.

सी २०२: आमच्या दोन गाड्या रविवारी सकाळीच बाहेर काढतो.

बी ३०१: आमची पण. फक्त बाबांना पाहुण्यांबरोबर चालायला लावू नका, त्यांना गुडघ्याचा त्रास आहे. लिफ्टसमोरच एक खुर्ची ठेवा त्यांच्यासाठी.

सी ६०३: आमची गाडी बिघडून उभी आहे, पण ढकलायला चार जण आले तर निघेल.

बी ४०२: आम्ही येतो ढकलायला.

डी १०३ काका: उत्तम जागा. ११ आणि १२ नंबरच्या खांबामध्ये तेलाचे डाग आहेत. ते ओले झाले की माणूस हमखास घसरणार. शनिवारी साबणाने घासून घेऊ. बाहेरून आत येताना जिथे ओले पाय पडतात तिथे काथ्याच्या जाड चटया टाकू. सतरंजी नको. ती पाणी पिते, मग सरकते.

बी २०४: मला काय बोलावं सुचत नाहीये. तुम्ही सगळे म्हणजे...

ए ६०२ ताई: वहिनी, रडू नका, कपड्यांचं बोलू. रेशमावर पाण्याचे थेंब पडले की डाग राहतात आणि ओलं रेशीम फाटतं लवकर. काठ जमिनीला टेकला तर ओल वर चढते, वातीतून तेल चढतं तशी. म्हणून साडी दोन बोटं वर नेसायची आणि गाडीतून उतरताना दोघींनी धरायची. डाग पडलाच तर चोळायचा नाही, कोरड्या सुती कापडाने नुसता टिपायचा. मेकअपलाही हेच, टिपायचं, पुसायचं नाही. केस मोकळे सोडू नका, दमट हवेत तासाभरात पिंजारतात. आणि टाचा उंच टोकदार नकोत, मैदानात रुततात.

गुरुवार

बी २०४ (नवरी): आईच्या फोनवरून मी लिहितेय. सगळं वाचलं, दोनदा वाचलं. मला एक सांगायचं होतं. मला पाऊस आवडतो. लहानपणी पहिला पाऊस आला की आम्ही सगळी पोरं खाली पळायचो आणि तुम्ही बाल्कनीतून ओरडायचात. रविवारी पाऊस आला तर मला वाईट वाटणार नाही. तुमचे चेहरे पडले तर मात्र वाटेल. म्हणून मला कोणी ‘अरेरे’ म्हणू नका. आणि एक इच्छा आहे. सर ओसरली की आम्हा दोघांना दहा मिनिटं बाहेर जाऊ द्या, मला पावसातला एक तरी फोटो हवाय.

ए ७०१ काकू: दिली दहा मिनिटं. गडगडत नसेल तर.

डी ४०४ (निवृत्त शिक्षिका): बाळ, तुझा निरोप वाचून बरं वाटलं. कोरड्या मातीवर पाऊस पडला की जो वास येतो, त्याला १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं. मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, त्याचा त्यात मोठा वाटा. माणसाचं नाक त्या द्रव्याच्या बाबतीत फार तल्लख आहे, अगदी कणभरही ओळखतं. पाहुणे पार्किंगमध्ये बसले तरी तो वास त्यांच्यापर्यंत येईल. म्हणून मोकळ्या बाजूंना कनाती पूर्ण बंद करू नका. वारा ज्या बाजूने येईल तेवढीच लावा.

ई ३०३ (फोटोवाली ताई): माझ्या मनातलं बोललीस गं! ढगाळ उजेड फोटोला सगळ्यात चांगला. सगळं आभाळच दिवा होतं, डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत, कोणी डोळे बारीक करत नाही. छत्र्या पांढऱ्या किंवा पारदर्शक आणा. लाल छत्रीखाली तोंड लाल दिसतं, निळीखाली आजारी. आणि थेंब फोटोत दिसायला हवे असतील तर उजेड त्यांच्या मागून हवा, पाठीमागे अंधार हवा. समोरून फ्लॅश मारला की नुसते पांढरे ठिपके येतात. कॅमेरा मी अर्धा तास आधी खाली आणून बॅगेतच ठेवेन. एसीतून एकदम दमट हवेत काढला की काचेवर वाफ धरते. पार्किंगमध्ये बसण्याची मुख्य जागा मोकळ्या बाजूला करा, आत अंधार आहे.

सी ५०१: पत्र्यावर किंवा कापडावर पाऊस वाजायला लागला की शेजारचंही ऐकू येत नाही. स्लॅबखाली तो प्रश्न नाही, तरी बॅटरीवरचा माइक आणि जादा सेल ठेवा.

ए ६०२ ताई: गेटापासून पार्किंगपर्यंत आठवी-नववीची मुलं छत्र्या घेऊन उभी राहतील. माझ्या मुलाने यादी केलीय. कोरड्या टॉवेलांची एक टोपली दाराशी.

बी २०४: पाहुण्यांना निरोप पाठवला. छत्री आणा, न घसरणाऱ्या चपला घाला, अर्धा तास हाताशी ठेवून निघा.

रविवार

सी ५०१: ११:४०. पश्चिमेकडून मोठा पट्टा येतोय. संध्याकाळी पाच ते आठ धरून चाला.

ए ७०१ काकू: १२:००. ठरलं. पार्किंग. गाड्या काढा.

बी ४०२: सुरुवात केली. आरसीसीबी तपासला, ठीक आहे.

सी २०२: ३:२०. काकू, लख्ख ऊन पडलंय. मैदानात नेऊया का परत?

ए ७०१ काकू: नाही. खुर्च्या लागल्यात, पाहुण्यांना कळवलंय. मुलीला ह्यातलं काही विचारायला जाऊ नका.

डी १०३ काका: ५:५०. आला. चरातून पाणी झकास वाहतंय.

बी ३०१: बाबा लिफ्टसमोर बसलेत, खूश आहेत. वास आला म्हणतात मातीचा.

सी ५०१: ७:३५. शेवटचा गडगडाट ७:०२ ला झाला होता. आता नुसती रिमझिम आहे. ज्यांना बाहेर जायचं त्यांनी जा.

ई ३०३: दोघं घसरगुंडीच्या अलीकडे उभे आहेत. पांढऱ्या छत्र्या मिळाल्या. मागून उजेड पाहिजे, माझे दिवे भिजतील. कोणाची स्कूटर जवळ आहे का? हेडलाइट हवाय, त्यांच्या पाठीमागून.

डी १०३ काका: माझी आहे. किल्ली वर राहिलीय, आणतो. त्यांना तिथेच थांबवून ठेव.