नूरजहाँ गेल्या नसत्या, तर लता झाली असती का?

तिरकस:
काल घरी यावरून वाद झाला आणि मी एकटा पडलो, म्हणून इथे मांडतोय. लताबाई थोर, त्याबद्दल दुमत नाही. पण १९४७ पर्यंत त्यांना विचारत कोण होतं? फाळणी झाली, गाणारी नटी नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या आणि १९४९ साली 'महल', 'बरसात', 'अंदाज' या चित्रपटांत लताबाईंची गाणी एकापाठोपाठ एक. जागा रिकामी झाली, यांना मिळाली. आपण मात्र 'कष्टाचं चीज झालं' म्हणून मोकळे होतो.

जुनी तबकडी:
रिकामी जागा कुठे दिसली तुम्हाला? शमशाद बेगम इथेच होत्या. सुरैया ऐन भरात होत्या. 'दो भाई'पासून (१९४७) गीता रॉयचं नाव झालं होतं. राजकुमारी आणि जोहराबाई अंबालेवाली तर खुद्द 'महल'मध्येच गायल्या आहेत. तोच चित्रपट, तेच संगीतकार खेमचंद प्रकाश. तरी लोकांच्या तोंडी बसलं ते लताचं 'आयेगा आनेवाला'च.

आणि दुसरं. नूरजहाँ पडद्यावर स्वतःसाठी गायच्या. इकडे नर्गिस, मधुबाला यांना दुसऱ्याचा गळा लागायचा. नूरजहाँ मुंबईत राहिल्या असत्या तरी मधुबालासाठी गायला उभ्या राहिल्या असत्या का? गाणाऱ्या नट्यांचा जमाना उतरणीला लागला होता, फाळणी झाली नसती तरीही.

तिरकस:
मग 'शहीद'च्या वेळी निर्माते एस. मुखर्जींनी लताबाईंचा आवाज बारीक म्हणून नाकारला, त्याचं काय? संगीतकार गुलाम हैदर हट्टाला पेटले आणि त्यांनी 'मजबूर' (१९४८) दिला, म्हणून गाडी पुढे गेली. आणि नूरजहाँना 'खानदान' चित्रपटातून पुढे आणणारेही गुलाम हैदरच! एक गायिका सीमेपार गेल्यावर त्यांनी दुसरी उभी केली. मुद्दा माझाच की.

पहाटराग:
तुम्ही दोघंही गोष्ट १९४७ पासून सुरू करताय, घोळ तिथेच आहे.

२४ एप्रिल १९४२ ला लताचे वडील मास्टर दीनानाथ पुण्यात वारले, तेव्हा ही मुलगी बारा वर्षांची. पाच भावंडांत थोरली. त्याच वर्षी 'किती हसाल'साठी गायलेलं गाणं चित्रपटात आलंच नाही. मग चित्रपटवाले मास्टर विनायक यांच्याकडे नोकरी, 'पहिली मंगळागौर', 'गजाभाऊ', छोट्या छोट्या भूमिका. तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभं राहणं त्यांना मनापासून आवडायचं नाही, पण घर चालवायचं होतं. १९४५ साली मुंबई, आणि तिथे अमान अली खाँ भेंडीबाजारवाले यांच्याकडे शास्त्रीय गाण्याची तालीम.

हलाखीच्या कथा आपण इतक्या चवीने सांगतो की ही तालीम सांगायची राहूनच जाते. वडिलांचा शिष्य राग चुकीचा गातोय हे त्या वयात ओळखणारी मुलगी होती ती. नाट्यपदं आणि बंदिशी कानावर पडतच वाढली. दिलीपकुमारांनी मराठी माणसाच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो असा टोमणा मारला, तर बाईंनी उर्दू शिकवायला शिक्षक ठेवले. हे रिकाम्या जागेत आयतं येऊन बसणाऱ्या माणसाचं वागणं नव्हे.

हो, आणि 'बडी माँ' (१९४५) विसरू नका. नायिका नूरजहाँ आणि त्याच चित्रपटात लता एका छोट्या भूमिकेत. नूरजहाँना डोळ्यांसमोर गाताना बघणं हीसुद्धा शाळाच.

भोचक भवानी:
मधेच तोंड घालते. 'महल'च्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं! रेडिओवर ते लागलं आणि लोक विचारायला लागले, ही गाणारी कोण? तेव्हा कुठे नाव कळलं. नावाआधी आवाज गाजला, आणि तुम्ही वशिल्यासारखं बोलताय.

तिरकस:
वशिला मी म्हटलंच नाही, भवानीताई. नशीब म्हटलं. आणि बरं झालं, 'बडी माँ'चा विषय तुम्हीच काढलात, पहाटराग. 'अंदाज'मधलं 'उठाए जा उनके सितम' नीट ऐका. शब्द सोडण्याची ढब सरळ नूरजहाँची आहे. मागणी त्या वळणाची होती, यांनी पुरवली.

जुनी तबकडी:
छाप आहे. तेवढं मान्य. पण 'जिद्दी'तलं (१९४८) 'चंदा रे जा रे जा रे' ऐकलंय? संगीत खेमचंद प्रकाश यांचंच, 'अंदाज'च्या आदल्या वर्षाचं. त्यात नूरजहाँ शोधून दाखवा. नंतर 'आयेगा आनेवाला'ची सुरुवात ऐका. आवाज लांबून येतोय असं वाटावं म्हणून लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइकपर्यंत चालत आल्या होत्या. त्यात ऐकू येते ती ढब लताची स्वतःची, उसनी नाही.

तिरकस:
'जिद्दी'तलं आत्ता लावलं. दोनदा.

फाळणीचा मुद्दा मी सोडलेला नाही. पण नूरजहाँ काही सापडल्या नाहीत. घरी कळवू नका.